दर ऑक्टोबरला फर्न का करपतं? ठाणे-नवी मुंबईतल्या सावलीच्या बागांसाठी

तक्रार दरवर्षी तीच असते. जूनमध्ये आणलेलं बोस्टन फर्न श्रावणात कुंडीच्या चारही बाजूंनी ओसंडतं, गणपतीत आरासीशेजारी मिरवतं, आणि घट बसता बसता पानांची टोकं तपकिरी व्हायला लागतात. दिवाळीपर्यंत कुंडीत काड्या उरतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून पाणी वाढवलं जातं, त्याने उरलंसुरलं झाडही जातं आणि पुढच्या पावसाळ्यात नवी कुंडी विकत येते. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतली बाल्कनी असो, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीमागची सावलीची पट्टी असो की खारघरच्या डोंगराकडेचं रो-हाउस, क्रम हाच.

करपणं दिसतं ऑक्टोबरमध्ये, पण बिघाड बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये झालेला असतो. चिकट मातीत, साचलेल्या पाण्यात फर्नची बारीक मुळं गुदमरून कुजतात. तेव्हा ते कळत नाही, कारण पावसाळी हवेत पानांतून पाणी फार कमी उडतं आणि अर्ध्या मुळांवरही झाडाचं भागतं. पाऊस परतला की पानांची पाण्याची गरज अचानक वाढते आणि ती भागवणारी मुळं जागेवर नसतात. म्हणून नुसतं पाणी वाढवून फर्न वाचत नाही. आधी कुंडीत काय शिल्लक आहे ते बघावं लागतं.

ऑक्टोबरात एकदम काय बदलतं

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येणारा कोरडा वारा सुरू होतो. पावसाळ्यात ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असलेली आर्द्रता दुपारी पन्नाशीच्या आसपास येते आणि पारा ३४-३६ अंशांवर जातो. उंच इमारतींच्या मधल्या फटींतून हा वारा चांगलाच जोरात वाहतो. बाराव्या मजल्यावरचं फर्न तळमजल्यावरच्या फर्नपेक्षा लवकर सुकतं ते यामुळेच.

दुसरा बदल सूर्याचा, आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, उलट किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत तेव्हा त्याचं ऊन शिरत नाही. २३ सप्टेंबरनंतर सूर्य झपाट्याने दक्षिणेकडे सरकतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. छत पावणेतीन मीटरवर असेल तर त्या कोनातून ऊन अडीच मीटर आत येतं. पावसाळ्यात निवडलेली सावलीची जागा ऑक्टोबरात सावलीची राहत नाही. कुंडी हललेली नसते, त्यामुळे शंका पाण्यावर किंवा खतावर जाते. उत्तरेकडच्या बाल्कनीचं आणि इमारतीच्या उत्तर बाजूच्या पट्टीचं बरोबर उलटं असतं: तिथे मे ते जुलैच्या मध्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि हिवाळाभर सावली असते. फर्नसाठी ती जागा जास्त चांगली.

तिसरा बदल घरातलाच. ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी पुन्हा सुरू होतो आणि बाल्कनीतल्या आउटडोअर युनिटचा गरम, कोरडा झोत कुंड्यांवर येतो. युनिटच्या समोरच्या बाजूला दोन मीटरच्या आत फर्न ठेवूच नये. जागा नसेल तर कुंडी युनिटच्या मागच्या बाजूला किंवा खाली, झोत लागणार नाही अशी सरकवावी.

कुंडी उलटून बघा

हा तपास केल्याशिवाय कुठलाही उपाय करू नका. थोडं पाणी घालून तासभर थांबा. मग तळहात मातीवर ठेवून पानांचे देठ बोटांच्या बेचक्यात घ्या, कुंडी आडवी करा आणि तिची कड पायरीवर दोन-तीनदा हलकेच आपटा. गोळा अख्खा बाहेर येतो.

इथे एक चूक हमखास होते. फर्नची निरोगी मुळंही काळपट-तपकिरीच असतात. जास्वंद-मोगऱ्याची पांढरी मुळं बघायची सवय असलेल्यांना ती कुजलेली वाटतात आणि चांगली मुळं कापली जातात. रंगावर जाऊ नका. मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ तारेसारखं चिवट असतं आणि त्याचं टोक फिकट, पिवळसर-पांढरं दिसतं. कुजलेल्या मुळाचं साल मोज्यासारखं निसटून हातात येतं, आत नुसता दोरा उरतो, आणि गोळ्याला गटाराचा वास येतो.

बाहेर आलेल्या गोळ्यात साधारण चारपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं, तळाची निम्मी मुळं निसटणारी आणि वरची शाबूत. हीच पावसाळ्यातली कूज, आणि सर्वांत जास्त आढळणारी. दुसरं, मधोमध नर्सरीच्या लाल चिकण मातीचा मुठीएवढा घट्ट गोळा आणि नवीन मुळं फक्त त्याच्याबाहेरच्या भुसभुशीत मिश्रणात. नर्सरीच्या काळ्या पिशवीतून झाड जसंच्या तसं मोठ्या कुंडीत बसवलं की हे होतं. पावसाळ्यात तो गोळा चिखल असतो आणि ऑक्टोबरात वीट. एकदा वाळला की वरून कितीही पाणी घाला, ते बाजूने निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. तिसरं, माती दिसतच नाही, मुळांचीच गादी झालेली आहे. दोन वर्षांहून जास्त काळ एकाच कुंडीत असलेल्या फर्नचं असं होतं. पाणी वरून घातलं की पाच सेकंदांत खालून बाहेर पडतं. चौथं, मुळं उत्तम आहेत. मग कुंडी परत जागेवर ठेवा आणि ऊन, वारा, क्षार यांच्याकडे बघा. या चौथ्या वेळी कुंडी बदलणं म्हणजे बऱ्या झाडाला आजारी पाडणं.

पानं काय सांगतात तेही जुळवून बघावं. आतल्या बाजूची जुनी पानं पिवळी पडून लोंबतात आणि माती मात्र ओली आहे, तर मुळं गेली आहेत. सगळ्या पानांची फक्त टोकं आणि कडा कुरकुरीत तपकिरी, तर हवा कोरडी आहे किंवा क्षार साठले आहेत. कुंडीच्या काठावर किंवा मातीच्या वर पांढरा थर दिसला तर क्षारच. रस्त्याकडच्या बाजूची पानं तेवढी फिकट, पांढुरकी आणि आतल्या बाजूची हिरवी, तर ऊन. नवीन गुंडाळलेले कोंब उलगडण्याआधीच काळे पडत असतील तर एकतर गाभ्यात, म्हणजे जिथून सगळी पानं फुटतात त्या बुडात, पाणी साचतंय, नाहीतर कोंब एक-दोन दिवस पूर्ण कोरडे पडले होते.

कुजलेलं फर्न ऑक्टोबरात कसं सावरायचं

एरवी ऑक्टोबर हा कुंडी बदलायचा महिना नव्हे, पण मुळं कुजली असतील तर थांबून चालत नाही. निसटणारी मुळं कात्रीने कापा. चिकण मातीचा गोळा असेल तर तो पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि बोटांनी हळूहळू सोडवा. नळाची धार मारू नका, त्याने बारीक मुळं तुटतात. मुळं जेवढी गेली तेवढीच पानंही कमी करा. निम्मी मुळं गेली असतील तर बाहेरची, जुनी निम्मी पानं गाभ्यापासून दोन सेंटिमीटर ठेवून कापा. कोवळे कोंब आणि मधली नवी पानं राहू द्या. पानं कापायला जीव होत नाही, हे खरं. पण जी पानं मुळांना पोसता येणार नाहीत ती तशीही आठवड्याभरात जाणार आणि जाता जाता गाभ्यातलं पाणीही ओढून नेणार.

नवीन कुंडी मोठी नको, लहान हवी. उरलेल्या मुळांच्या गोळ्याभोवती फार तर दोन बोटं जागा राहील एवढीच. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली ओली जागा उरते आणि कूज पुन्हा सुरू होते. गाभा मिश्रणाच्या पातळीत ठेवा, पुरू नका. एकदा भरपूर पाणी द्या, निथळू द्या, मग चार काड्या खोचून वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी तंबूसारखी घाला. पिशवी पानांना चिकटू नये, आणि वर बोटभर दोन भोकं पाडा. कुंडी उजेडात पण ऊन न लागेल अशा ठिकाणी ठेवा. उन्हात पिशवीच्या आत झाड अक्षरशः शिजतं. दहा दिवसांनी पिशवी रोज दोन तास काढायला सुरुवात करा, तीन आठवड्यांनी पूर्ण काढा. या काळात खत शून्य. नवे कोंब हाताच्या बोटाएवढे झाले की मगच, तेही अर्ध्या मात्रेने. बोस्टन फर्न सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी भरतं. रुंद, अखंड पानांचं बर्ड्स नेस्ट फर्न सावकाश सावरतं, त्याला फेब्रुवारी-मार्च उजाडतो.

झाड ठेवायचं की टाकायचं अशी शंका असेल तर गाभा नखाने दाबून बघा. टणक असेल आणि खरवडल्यावर आत हिरवट-पांढरा दिसला तर एकही पान नसलं तरी ते झाड जिवंत आहे. पोकळ, मऊ किंवा आतून तपकिरी असेल तर सोडून द्या, आणि त्या कुंडीतलं मिश्रण दुसऱ्या फर्नला वापरू नका.

पाणी कुठलं, हे आधी बघा

मुळं चांगली आणि टोकं तरीही जळतात, अशा वेळी दहातले निदान निम्मे दोष पाण्याचे निघतात. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांचं पाणी नदी-धरणाचं आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचं, ठाण्याला उल्हास आणि भातसा नद्यांचं. हे पाणी मऊ असतं आणि फर्नला ते चालतं. अडचण येते ती बागेसाठी वेगळी पाइपलाइन असलेल्या सोसायट्यांत. त्या नळाला विंधन विहिरीचं, टँकरचं किंवा एसटीपीचं म्हणजे सांडपाणी शुद्ध केलेलं पाणी असतं. खाडीकाठच्या भागात विंधन विहिरीचं पाणी मचूळ लागतं. गवताला, जास्वंदीला, बोगनवेलीला ते चालून जातं. फर्नला चालत नाही, कारण फर्नची मुळं बारीक असतात आणि क्षार पानांच्या टोकांना आणि कडांना साठत जातो.

पेनसारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये मोजणारं यंत्र, विकत घेणं हा फर्न पाळणाऱ्याचा सर्वांत उपयोगी खर्च आहे. आकडा २०० च्या खाली असेल तर निर्धास्त वापरा. २०० ते ४०० मध्ये बोस्टन, स्वॉर्ड आणि बर्ड्स नेस्ट चालतात, पण महिन्यातून एकदा कुंडी धुवावी लागते. ५०० च्या वर असेल तर कुठल्याही फर्नला ते नुसतं घालू नका. हंसराजासारख्या (मेडनहेअर) नाजूक फर्नला ३०० सुद्धा जास्त.

आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे. पालिकेचंच पाणी आरओत जात असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडाही सहसा बेताचाच असतो, मोजून खात्री करा. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी आरओत जात असेल तर ते वाया जाणारं पाणी फर्नपासून लांबच ठेवा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फर्नला अगदी योग्य, जवळजवळ क्षारमुक्त. ते बादलीत धरा आणि मचूळ पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून वापरा. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर मात्र दोन दिवसांचं पाणी ओतून द्या, त्यात कॉइल धुण्याच्या रसायनाचे अंश असतात.

कुंडी धुणं म्हणजे कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट मऊ पाणी वरून हळूहळू सोडणं. दहा इंची कुंडीत साधारण आठ लिटर मिश्रण मावतं, म्हणजे चोवीस लिटर पाणी, अर्ध्या तासात, तीन-चार टप्प्यांत. खाली तबकडी नको. जे निथळलं ते तबकडीत राहिलं तर क्षार पुन्हा वर चढतात. पहिल्या पावसात कुंडी दोन दिवस उघड्यावर ठेवली तर हे काम फुकट होतं.

रोजच्या पाण्याला घड्याळ लावू नका. कुंडी उचलून बघा. दोन आठवड्यांत हाताला वजन कळायला लागतं. दहा इंची कुंडीला एका वेळी सव्वा ते दीड लिटर, खालून थोडं निथळेपर्यंत. ऑक्टोबरात बहुतेक रोज, डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि लागलं तर संध्याकाळी. पावसाळ्यात छताखालच्या कुंडीला चार-पाच दिवसांतून एकदा पुरतं. बाहेर मुसळधार पाऊस आहे म्हणून बाल्कनीतल्या कुंडीकडे पंधरा दिवस दुर्लक्ष झालं, असंही होतं, आणि तेवढ्यानेही कोंब जळतात.

स्प्रेने पानांवर पाणी मारण्याबद्दल फार बोललं जातं. त्याचा परिणाम पंधरा-वीस मिनिटं टिकतो, आणि मचूळ पाण्याचा स्प्रे पानांवर पांढरे डाग सोडतो. त्यापेक्षा वारा अडवा. पाच-सहा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, खाली खडी पसरलेल्या ट्रेमध्ये पाणी भरा, फक्त कुंडीचा तळ त्या पाण्याला टेकू देऊ नका. वाऱ्याच्या बाजूला जाड पानांचं झाड आडोशाला ठेवा, रबर प्लांट किंवा मोठं मनी प्लांट चालेल.

खरं काम मे अखेरीस

पुढचा ऑक्टोबर चांगला जावा असं वाटत असेल तर कुंड्या मे अखेरीस ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बदला. हवेत दमटपणा आलेला असतो, जोराचा पाऊस सुरू व्हायचा असतो, आणि मुळांना रुळायला दोन-तीन आठवडे मिळतात.

छताखालच्या कुंडीसाठी मिश्रण असं: दोन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, अर्धा भाग लाकडी कोळशाचे तुकडे. पाऊस थेट लागणार असेल तर कोकोपीट एका भागावर आणा आणि विटांचे तुकडे दोन भाग करा. नर्सरीची लाल माती यात नाही, आणि तशीच असू द्या. एक भाग जरी घातली तरी जुलैच्या पावसात ती फटींमध्ये बसते आणि सगळं मिश्रण घट्ट होतं. कोकोपीटची वीट भिजवून फुगवली की सुती कापडात पिळून तीन पाण्यांनी धुवा. नारळाच्या सोडणात मुळातच मीठ असतं आणि न धुतलेल्या विटेतलं ते मीठ थेट फर्नच्या मुळांना जातं. महिन्याभरात टोकं जळण्यामागे हेही कारण असतं, आणि दोष मात्र ऊन-पाण्यावर जातो.

कुंडीच्या तळाला बोटभर जाडीची चार-पाच भोकं हवीत. तळाशी खडीचा किंवा खापऱ्यांचा थर देण्याची जुनी रीत सोडून द्या. बारीक मिश्रणाखाली खडी असली की पाणी त्या सीमेवर अडकतं आणि ओला चिखलाचा थर मुळांच्या जवळ, वर सरकतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरतो. कुंडी दोन विटांवर ठेवा. जून ते सप्टेंबर तबकड्या काढून ठेवा. त्याने डासांचाही प्रश्न सुटतो.

गादी झालेलं बोस्टन याच वेळी वेगळं करा. धारदार सुरीने गोळ्याचे उभे चार भाग करा, प्रत्येकात पाच-सहा कोंब येतील असे. जुनी पानं निम्म्यावर कापा.

जमिनीत लावणार असाल तर आधी खणून बघा. इथल्या सोसायट्यांच्या बागेत चार बोटं मातीखाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा सापडतो. त्यातल्या चुना-सिमेंटने माती अल्कधर्मी होते, आणि बहुतेक शोभेच्या फर्नना किंचित आम्ल, साडेपाच ते साडेसहा पीएचची माती लागते. फूटभर खोल राडारोडा काढा, जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर उंच वाफा बांधा आणि मीटरला दोन सेंटिमीटर एवढा उतार द्या. आंब्या-फणसाखाली लावताना झाडाची जाड मुळं तोडू नका. मुळांच्या मधल्या खोलगट जागांत पालापाचोळ्याचं खत भरून तिथे लावा. वरून वाळलेल्या पानांचं तीन-चार बोटं आच्छादन ठेवा, पण गाभा मोकळा. जुन्या भिंतींच्या सांध्यांत आपोआप उगवणारं लांब, कंगव्यासारख्या पानांचं फर्न चुन्यातच वाढतं. ते भिंतीवर छान आहे म्हणून बाकीची फर्नही भिंतीलगतच्या सिमेंटच्या मातीत होतील, असं नाही.

खताबाबत हात आखडता हवा. जूनमध्ये आणि फेब्रुवारीत दोन-दोन मुठी गांडूळखत, आणि वाढ चालू असताना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून दोनदा. पेंड पावसाळ्यात घालू नका, ती कुजताना तापते आणि बुरशी धरते. दूध-साखरेचा उरलेला चहा कुंडीत ओतणं म्हणजे मुंग्यांना आमंत्रण, आणि मुंग्यांमागोमाग पिठ्या ढेकूण.

१ ऑक्टोबरला, पाऊस चालू असला तरी, दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बाल्कनीला शेडनेट लावा. बोस्टन आणि स्वॉर्डला ५० टक्क्यांची, हंसराजाला ७५ टक्क्यांची. पुरेशी सावली आहे का ते असं बघा: दुपारी बारा वाजता पानांच्या वर फूटभर हात धरा. सावलीची कड धूसर दिसली तर ठीक, धारदार दिसली तर ऊन जास्त. सावली पडतच नसेल तर अंधार जास्त आहे. तिथेही फर्न जगत नाही, हळूहळू विरळ होत जातं.

किडी, आणि किडी नसलेल्या गोष्टी

पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसले की औषध फवारायची घाई होते. ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर, प्रत्येक पर्णिकेवर एकाच पद्धतीने असतील तर ते बीजाणू आहेत, झाड प्रौढ झाल्याची खूण. ठिपके वेडेवाकडे, देठावरही असतील, नखाने खरवडून निघत असतील आणि खालच्या पानांवर चिकटपणा असेल तर ती खवले कीड. जास्त लागलेली पानं कापून टाका, बाकीची सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि तासाभराने साध्या पाण्याने धुवा. फर्नची पानं तेलकट फवाऱ्याने चटकन जळतात. नीमतेल वापरायचंच तर लिटरला दोन मिलि, सूर्य मावळल्यावर, आणि आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबून. हंसराजावर काहीच फवारू नका. तो जमिनीलगत कापा, पुन्हा फुटतो.

पावसाळ्यात कोवळे कोंब रात्रीतून गायब होतात ते गोगलगायींमुळे, शंखाच्या आणि बिनशंखाच्या दोन्ही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट वाफ्यात टाकू नका.

बर्ड्स नेस्टच्या पानावर मधल्या शिरेपासून कडेकडे जाणारे काळपट, सरळ कडांचे पट्टे दिसले तर ते पानातले सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. औषध शोधत बसू नका. ती पानं बुडापासून कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या झाडाच्या पानांवर पाणी उडू देऊ नका. हे सूत्रकृमी ओल्या पानांवरूनच पसरतात.

काही गोष्टी आजारच नसतात. बोस्टनच्या कुंडीतून लोंबणारे हिरवे-तपकिरी लांब धागे म्हणजे धावते कोंब; दुसऱ्या कुंडीच्या मिश्रणावर दाबून ठेवले तर त्यातून नवीन रोप होतं. मुळांवर वाटाण्या-बोराएवढ्या खवलेदार गाठी दिसल्या तर तुमच्याकडे स्वॉर्ड फर्नची गाठी धरणारी जात आहे. त्या पाणी साठवण्याच्या गाठी आहेत आणि ही जात बोस्टनपेक्षा काटक असते. फळीवर बांधून वाढवतात त्या स्टॅगहॉर्न फर्नच्या बुडाशी चिकटलेली तपकिरी, कागदासारखी पानं सोलू नका. ती मुळं झाकतात आणि पालापाचोळा अडवून झाडाला खाऊ घालतात. बाशिंग या आपल्याकडच्या रानफर्नचीही बुडाची पानं तशीच तपकिरी असतात, आणि पाऊस संपल्यावर त्याची हिरवी पानं झडतात. पावसात कातळावर, बांधावर उगवणारा रानटी हंसराजही थंडीत वरून वाळतो. कुंडी तशीच, किंचित ओलसर ठेवली तर जूनमध्ये परत येतो. त्यांना ऑक्टोबरात पाणी आणि खत देऊन "उठवायचा" प्रयत्न केला तर गाभा कुजतो. आणि अ‍ॅस्परॅगस फर्न हे फर्नच नाही. त्याला इथले नियम लावू नका, त्याला थोडं ऊन आणि मधूनमधून कोरडी माती हवी.

विकत घेताना

सोपी, या हवेत टिकणारी निवड म्हणजे स्वॉर्ड, फिशटेल, बर्ड्स नेस्ट, आणि जाड, चकचकीत, बोटांसारख्या पानांचं वॉर्ट फर्न. बोस्टन मध्यम. नाजूक पानांचा डेल्टा हंसराज आणि फुलवाल्यांकडचं लेदरलीफ या दोघांना एसीचं पाणी आणि वाऱ्याचा पक्का आडोसा असेल तरच आणा. येऊर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून फर्न उपटून आणणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय झाडावर किंवा कातळावर वाढलेलं फर्न कुंडीत क्वचितच रुजतं.

नर्सरीत सर्वांत गच्च, सर्वांत मोठं झाड उचलू नका. ज्याच्या मधोमध चार-पाच ताजे गुंडाळलेले कोंब आहेत ते घ्या. पिशवी बाहेरून दाबून बघा; विटेसारखी घट्ट लागली तर आत चिकण मातीचा गोळा आहे आणि तो पहिल्याच पंधरवड्यात सोडवावा लागणार, हे धरून चाला. घरी आणल्यावर आठवडाभर इतर फर्नपासून वेगळं ठेवा, पानांच्या मागे आणि देठांच्या बेचक्यात बघा, आणि पहिले आठ दिवस खत घालू नका. जागा बदलल्यामुळे चार-दोन जुनी पानं पिवळी पडतील. ती कापा आणि कोंबांवर लक्ष ठेवा. ते उलगडत राहिले तर झाडाने जागा धरली.